जुन्या पावसातलं हॉट चॉकलेट

पाऊस जुना झाला की घराला एक वास येऊ लागतो. जूनमधला पाऊस नवा असतो, त्याचं सगळ्यांना कौतुक असतं. आषाढातल्या पावसाला कामं असतात. लावणी असते, ओढे-वहाळ भरतात, एखादं झाड तारांवर पडतं. श्रावण अर्धा उलटला की मात्र तो नुसता पडत राहतो, कुणी बोलावलेलं नसताना मुक्काम वाढवलेल्या पाहुण्यासारखा. मीठ पाणावतं. वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माणसं भिंतीला हात लावून उतरतात. या दिवसांचा वास विचारला तर रत्नागिरीत कुणीही हळदीच्या पानांचा सांगेल, पातोळ्यांचा सांगेल. मला तो कोकोचा येतो. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी चार वाजता हॉट चॉकलेट होत असे. करणारी आमची मुलगी, शलाका. वय अठरा. बारावी झालेली, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत मार्क कमी पडलेले, आणि तीच परीक्षा पुन्हा देण्यासाठी वर्षभर घरी बसलेली. अशा मुलांना रिपीटर म्हणतात. वर्ष तिचं होतं, पण त्याचं वेळापत्रक मी केलं होतं. जीवशास्त्र सकाळी, रसायनशास्त्र दुपारी, भौतिकशास्त्र संध्याकाळी, असा तक्ता मी तिच्या टेबलासमोर चिकटवला होता. दमट हवेनं तो सुटायचा आणि मी तो पुन्हा चिकटवायची. तिचा मोबाइल माझ्या कपाटात कुलपात होता. त्यातलं सिम मी काढून माझ्या फोनच्या दुसऱ्या खणात घातलं होतं, म्हणजे क्लासचे निरोप चुकायला नकोत. तक्त्यात चार ते साडेचार एवढीच सुट्टी लिहिलेली होती, आणि त्या अर्ध्या तासात मुलगी काय करणार हे लिहायचं मला सुचलं नव्हतं.

मी सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवायची, दुपारी घरी असायची. माझं माहेर देवरूखच्या पलीकडचं, डोंगरातलं. वडील शेती करत, भाऊ मुंबईला कामाला. बारावीला मला चांगले मार्क होते, डॉक्टर व्हावं असं वाटत होतं, पण माझ्या भविष्याचा निर्णय माझे वडील आणि भाऊ गणपतीत ओटीवर बसून घेऊन मोकळे झाले. बीएस्सी कर, मग बीएड कर, जवळच्या जवळ नोकरी बघू. मी आत मोदकांच्या पाऱ्या करत होते. मला कुणी विचारलं नाही. हे मी शलाकाला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं होतं की पुढे पुढे मी सुरुवात केली की ती शेवट करायची. तिला वाटायचं ही आईची गोष्ट आहे. मला वाटायचं हे तिच्या आयुष्याचं कारण आहे.

तर चार वाजता. पहिल्या दिवशी तिनं नुसतं दूध, साखर आणि कोको केलं. कोकोचा डबा तिच्या बाबांनी बाजारातून आणून दिला होता. शलाकाचे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि साडेतीनलाच काहीतरी निमित्त काढून घरी येत, त्या पावसात तर हमखास. ती त्यांना कप द्यायची आणि समोर उभी राहायची. ते एक घोट घेत, डोळे मिटून घेत, जरा वेळ लावत आणि मग बोलत. पहिल्या दिवशी म्हणाले, "पातळ हां. चहा वाटतो."

झालं. ती त्या पातळपणाच्या मागे लागली. मक्याचं पीठ घालून बघितलं, त्याला म्हणे खळीची चव आली. तांदळाचं पीठ घातलं, तळाशी बसलं. मग तिला नाचणीसत्त्वाचा डबा सापडला. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून जे पांढरं सत्त्व खाली बसतं ते वाळवून मी दर उन्हाळ्यात करून ठेवत असे. ती तान्ही असताना तिला तेच भरवलं होतं. ते तिनं गार दुधात कालवलं आणि कोकोबरोबर मंद आचेवर ढवळत राहिली. त्या दिवशी हॉट चॉकलेटला असा दाटपणा आला, की चमचा उलटा धरला तरी त्यावर एक थर राहत होता. बाबा त्याचे दोन कप प्यायले.

मग ती थांबेना. दुधाऐवजी नारळाचं दूध. साखरेऐवजी गूळ. जायफळ. एकदा कोकमाचं आंबट आगळ घालून बघितलं, तर सगळं फाटून गुलाबी चोथा झाला आणि दोघं बापलेक हसत सुटले. मी आतून ओरडून विचारलं की अभ्यास झाला का. सुकं खोबरं खरपूस भाजून, त्यात गूळ कुस्करून ती कपाच्या काठाला लावायची. तळाशी फणसपोळीचे बारीक तुकडे टाकायची. वरून घट्ट नारळाच्या दुधाची साय. पिता पिता फणसपोळी मऊ व्हायची आणि शेवटी ती चमच्यानं खायची. "हे पेय आहे की पक्वान्न?" असं बाबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की तेच तर तिला कळत नाहीये, आणि तेच तिला आवडतंय. तिची एक वही होती. जीवशास्त्राच्याच वहीची मागची पानं. त्यात ती प्रमाणं लिहायची, चुका लिहायची, तारीख घालायची. मी ती वही पाहिली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की पेशीविभाजनाच्या टिपणांपेक्षा हिचं या पानांवरचं अक्षर चांगलं आहे.

एकदाच मी तिला मदत केली. गूळ घातला की दूध फाटायचं. चार दिवस सलग फाटलं. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे आली, मी पेपर तपासत होते. का फाटतं, विचारलं. हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला असता तर मी आनंदानं फळा भरला असता, म्हणून असेल, मी पेन खाली ठेवलं आणि तिला सांगितलं की गुळात थोडी आंबटाई असते, गरम दुधातली प्रथिनं तिच्यामुळे गोळा होतात. आधी सगळं शिजव, विस्तवावरून उतरव, जरा निवू दे, गूळ वेगळा पाण्यात विरघळवून गाळून घे आणि मग घाल. ती ऐकत होती तशी गेली दोन वर्षं माझं काही ऐकताना मी तिला पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दूध फाटलं नाही. ती कप घेऊन माझ्याकडे आली. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "कडवट आहे. आणि चार चाळीस झालेत."

ते कडवट नव्हतं. म्हणजे होतं, पण हवं तेवढंच. गोडाच्या मागून यायचं आणि जिभेवर जरा वेळ राहायचं. मला ते तेव्हाही कळलं होतं.

श्रावण संपत आला होता. एका शनिवारी, सकाळची शाळा करून मी दुपारी घरी आले होते. आमच्या घरात फोनला रेंज तेव्हा फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात यायची, तिथं मी फोन खुंटीला पिशवीत टांगून ठेवत असे. तो वाजला. दुसऱ्या सिमवर, म्हणजे शलाकाच्या नंबरवर. क्लासचा असेल म्हणून मी उचलला. पलीकडे एक बाई होत्या, पुण्यातल्या पाककलेच्या एका संस्थेतून बोलत होत्या. शलाका आहे का, विचारलं. मी म्हटलं, मी तिची आई बोलतेय. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश सुरू होते. अर्जाबरोबर स्वतः तयार केलेल्या एका पदार्थाची कृती आणि तो करतानाचं चित्रण मागवलं होतं. शलाकानं नाचणीसत्त्वाचं हॉट चॉकलेट पाठवलं होतं. त्यांना ते फार आवडलं होतं. मुलाखतीला बोलावत होत्या, पुढच्या गुरुवारी, आणि येणार की नाही ते लगेच कळवायचं होतं, कारण जागा थोड्या होत्या.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अर्ज बाबांच्या फोनवरून भरला गेला होता आणि चित्रण त्यांनीच केलं होतं, नंबर मात्र तिनं सवयीनं स्वतःचाच लिहिला होता, हे मला मागाहून कळलं. मी पडवीत उभी होते, पागोळ्यांचं पाणी पायावर उडत होतं, आणि पहिल्यांदा मला राग आला तो हसण्याचा. ते दोघं चार वाजता हसत होते, आणि मी आत पेपर तपासत होते.

त्या बाई बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तिनं लिहिलंय की गूळ घातल्यावर दूध का फाटतं ते आईनं समजावून दिलं. त्या तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं. आणि पुढच्याच श्वासात म्हटलं, "ती येणार नाही. ती मेडिकलला जाणार आहे."

 एकदा तिच्याशीच बोलता येईल का, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. मी म्हटलं गरज नाही, आमचं नक्की झालेलं आहे. अर्ज तिनं गंमत म्हणून केला होता. हे शेवटचं वाक्य मला कसं सुचलं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. मी तो नंबर फोनमधून पुसून टाकला, फोन पिशवीत ठेवला, पिशवी खुंटीला लावली. कुणीतरी दोरीवरचे कपडे अर्धेच काढून ठेवले होते. उरलेले मी काढले, घड्या घातल्या. एकही वाळलेला नव्हता.

चार वाजता तिनं तीन कप केले. रोज दोन करायची. तिसरा माझ्यासमोर ठेवला. मी तो पूर्ण प्यायले, तळाची फणसपोळी चमच्यानं खाल्ली, आणि म्हटलं, "छान झालंय." त्या सबंध पावसाळ्यात मी तिला पहिल्यांदा छान म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कप गोळा केले आणि मोरीत नेऊन ठेवले.

त्यानंतरच्या आठवड्यात ती चार वाजता स्वयंपाकघरात आली नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाली, अभ्यास आहे. पुढे आलीच नाही. मला बरं वाटलं. शिक्षकखोलीत मी सांगितलंसुद्धा की आमची आता मार्गाला लागली, खूळ उतरलं डोक्यातलं. गणपती आले, गेले. एका संध्याकाळी बाबांनी मला जरा चाचरतच सांगितलं की तुझ्यापासून एक लपवलं होतं, असा असा अर्ज केला होता, पण काही झालं नाही, पोर म्हणाली निवड नाही झाली. मी आमटी ढवळत होते. मी म्हटलं, बरंच झालं. फोन आला नाही म्हणजे झालं नाही, असं तिनं धरलं असणार, असं मी धरून चालले. कोकोच्या डब्यात ओल शिरून दगड झाला होता. दिवाळीच्या साफसफाईत मी तो टाकून दिला.

दुसऱ्या खेपेला तिला मार्क वाढले, पण एमबीबीएसला पुरले नाहीत. दातांच्या कॉलेजला प्रवेश मिळाला. मी पेढे वाटले. ती शिकली, नेटानं शिकली, कुठल्या परीक्षेत अडली नाही, आणि आता दोन वर्षं कोल्हापुरात एका दवाखान्यात काम करते. लोक तिला डॉक्टर म्हणतात. मी तिच्या पहिल्या पांढऱ्या कोटाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला, जिथं तो तक्ता होता तिथंच. दर रविवारी ती फोन करते. तब्येत विचारते, गोळ्या विचारते, बाबांना दात दाखवायला सांगते. सगळं विचारते आणि काही सांगत नाही. खोलीवर स्वयंपाक करत नाही, डबा लावलाय. एकदा मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काही करावंसं वाटत नाही का गो? ती म्हणाली, "दिवसभर लोकांना गोड खाऊ नका सांगते आई. घरी येऊन काय करू?" हसत म्हणाली. तिचं ते हसणं मला फोनवरही कळतं. पेशंटला इंजेक्शन द्यायच्या आधी हसतात तसं आहे ते.

आठ वर्षांत मी तो फोन विसरले नाही. विसरले असं म्हणायची सोयही नव्हती, कारण श्रावण दर वर्षी येतो. पण मी त्याला नावं वेगवेगळी दिली. आधी म्हटलं शिस्त. मग म्हटलं काळजी. तिला नोकरी लागली तेव्हा म्हटलं, बघा, शेवटी चांगलंच झालं ना. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, आणि दुपारी चार वाजता घरात काही करण्यासारखं उरेना, तेव्हा मात्र मला नाव सापडेना. माझं आयुष्य माझ्या बापानं आणि भावानं ओटीवर बसून ठरवलं. त्यांनी निदान खोटं सांगितलं नव्हतं.

या श्रावणात शलाका दोन दिवसांसाठी आली. मी ठरवलं होतं, या खेपेला सांगायचं. सांगायला हाताशी काही निमित्त हवं म्हणून मी माळ्यावरून तिची ती वही काढली. कोकोचा डबा आणला. आता तो कोपऱ्यावरच्या दुकानात बेसनाच्या शेजारीच असतो. नाचणीसत्त्व होतं. नारळ फोडला, खवला, दूध काढलं. शलाकाचे बाबा आरे-वारेच्या बाजूला एका मित्राकडे गेले होते. घरात आम्ही दोघीच. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मी काय करतेय ते पाहत राहिली.  मी सत्त्व कालवलं, कोको घातला, ढवळत राहिले. मी गूळ घाईनं घातला, भांडं विस्तवावर असतानाच.

फाटलं. दुसऱ्याला शिकवलेलं माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं.

ती पुढे आली आणि तिनं गॅस बंद केला. मी भांड्याकडे बघतच म्हटलं की शलाका, तुला एक सांगायचंय, त्या वर्षी तुझ्या नंबरवर एक फोन आला होता.

"माहितेय," ती म्हणाली. "मी खिडकीच्या आत होते. कपडे काढत होते, तू फोन घेतलास म्हणून आत सरकले."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी खुर्चीत बसले. ती उभीच. मी विचारलं की मग तू त्या वेळी काही बोलली का नाहीस. बाहेर येऊन फोन हिसकावून का घेतला नाहीस. हे मी तिलाच विचारत होते, जणू चूक तिची.

ती रागावलेली नव्हती. एखाद्या पेशंटला एक्सरे दाखवून समजावत असावी, तशी बोलली. "तू इतकं ठाम बोलत होतीस. मला वाटलं, तुला खरंच काहीतरी माहीत आहे माझ्याबद्दल. जे मला माहीत नाही."

मग ती म्हणाली की पहिली दोन वर्षं तिला तसंच वाटत होतं. कॉलेजात माणसाचा जबडा हातात घेऊन बसायची तेव्हा वाटायचं, आता केव्हातरी ते कळेल, आईला जे दिसलं होतं ते. तिसऱ्या वर्षी कळलं की तसं काही नव्हतं. तोवर तीन वर्षं झाली होती.

मी विचारलं, आवडतं का तुला हे काम. तिनं मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. नीट करते, म्हणाली. दुखत नाही कुणाला माझ्या हातानं.

मी माफी मागितली. ती कशी मागितली, कोणत्या शब्दांत, ते इथं लिहिण्यासारखं नाही. माफीचे शब्द सगळ्यांचे सारखेच असतात आणि माझे तर आठ वर्षं ओल लागून मऊ पडलेले होते. ती ऐकत होती. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, असू दे. ते ‘असू दे’ मला अजून ऐकू येतं. त्यात क्षमा नव्हती, कंटाळा होता.

बाबांना माहीत आहे का, मी विचारलं. नाही, म्हणाली. त्यांना तिनं निवड झाली नाही एवढंच सांगितलं होतं. मी म्हटलं, सांगू का त्यांना?

"ते तू ठरव," ती म्हणाली. "ठरवणारी तूच होतीस ना आपल्या घरात."

आठ वर्षांत तिनं मला लागेल असं बोललेलं हे एकच वाक्य. तिनं ते फाटलेलं दूध मोरीत ओतलं, भांडं घासलं, पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. स्टँडवर सोडायला बाबा गेले. ती मला नेहमीसारखी वाकून नमस्कार करून गेली, नेहमीसारखं म्हणाली, गोळ्या वेळेवर घे.

पुढच्या रविवारी मी त्यांना सांगितलं. दुपारी, जेवणाआधी. ताटं घेतलेली होती, भात वाढायचा होता. ते पाटावर बसण्याआधी पडवीत पाय धुऊन आले होते आणि पंच्यानं पाय पुसत होते. मी सगळं सांगितलं, फोन, गुरुवार, गंमत म्हणून केला होता हे वाक्य, पुसलेला नंबर, आणि हेही की तिला तेव्हापासून सगळं ठाऊक आहे.  पाय केव्हाच कोरडे झाले होते, तरी ते पुसत राहिले.

मग म्हणाले, "मी तिला काय म्हटलेलं, ठाव आहे तुला?"

मी हातातलं भाताचं भांडं खाली ठेवलं.

"मी म्हटलं, तिथं मोठ्या शहरांतली पोरं येतात, आपला कुठं निभाव लागणार. मनाला लावून घेऊ नको. आपण कमी पडलो म्हणायचं नि सोडून द्यायचं." त्यांनी पंच्याची घडी घातली. "ती हो म्हणाली. माझी समजूत काढल्यासारखी हो म्हणाली. नि मला वाटत होतं, मी तिची समजूत काढतोय."

ते मोठ्यानं बोलणारे गृहस्थ नाहीत. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला, फोन घेतला आणि मागच्या खोलीत गेले. आताशा तिथंही रेंज येते. त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या घरात माणसं घरात असताना आतली दारं कधी लावत नाहीत. त्या दाराला कडी आहे हेसुद्धा मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

मी स्वयंपाकघरात बसून राहिले. पत्र्यावर पाऊस इतका होता की आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मध्येच वाटलं की ते हसले. मध्येच वाटलं, रडताहेत. दोन्ही मला पावसानंच ऐकवलं असेल. भातावरची वाफ गेली. आमटीवर साय धरली. मी उठून दाराशी जाऊन उभी राहू शकत होते, पण गेले नाही. आत एक बाप आणि त्याची मुलगी आठ वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारबद्दल बोलत होते आणि त्यात माझं काही काम नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. ते अर्धवट बाहेर आले, फोनवर तळहात दाबून धरलेला. डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती विचारत्ये, आई जेवली काय?"

मी म्हटलं, "सांगा, जेवली म्हणून."

त्यांनी समोरच्या दोन रिकाम्या ताटांकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला. "हो गो, जेवली," म्हणाले, आणि दार पुन्हा लावून घेतलं.